ओट्यामागची भिंत : तिचें आवरण किती जाड असावें?

नवें घर घेतलें, किंवा जुन्या घराची डागडुजी काढली, म्हणजे स्वयंपाकघराच्या ओट्याविषयीं घरांत बराच खल होतो. दगड काळा असावा कीं हिरवा, त्याची कड गोल असावी कीं सरळ, सिंक खिडकीखालीं घ्यावें कीं कोपऱ्यांत, यांवर आजीपासून शाळकरी नातवापर्यंत प्रत्येकाला कांहीं ना कांहीं सांगावयाचें असतें. ओट्यामागच्या भिंतीची पाळी मात्र अगदीं शेवटीं येते. गवंडी दारांत येऊन उभा राहिलेला असतो, दुकानदार फोनवर खोळंबलेला असतो, आणि "किती जाडीची पाठवूं?" या त्याच्या प्रश्नाला घाईघाईनें उत्तर दिलें जातें, "चांगली जाड पाठवा!"

या उत्तरामागें संसाराचा अनुभव असतो, हें कबूल केलें पाहिजे. जाड बुडाचें पातेलें दूध करपूं देत नाहीं, जाड सतरंजी लवकर विरत नाहीं, जाड फळी डब्यांच्या भारानें वांकत नाहीं. तेव्हां भिंतीचें आवरणहि जितकें जाड तितकें टिकाऊ, असा तर्क मनांत सहज उभा राहतो. या भिंतीच्या बाबतींत मात्र तो तर्क फारसा चालत नाहीं. आणि एका ठिकाणीं, म्हणजे गॅसच्या शेगडीच्या मागें, तो घातकहि ठरूं शकतो.

या आवरणाकडून अपेक्षा तरी कोणत्या असतात? फोडणींत मोहरी तडतडली कीं तेलाचे कण हातभर उडतात. कुकरच्या शिटीबरोबर डाळीचें पाणी वर जातें. हळदीचा हात भिंतीला लागतो, सिंकच्या बाजूला दिवसभर पाण्याचे शिंतोडे बसतात, आणि शेगडीच्या मागील दीड-दोन फूट भाग रोज दोनदां तापतो व दोनदां निवतो. तेल, पाणी, वाफ आणि ऊष्मा ही या भिंतीची नित्याची जाच आहे. तींत भार उचलण्याचा प्रश्न नाहीं. जमिनीच्या फरशीवर माणसें चालतात, गॅसचें सिलिंडर ओढलें जातें, वरवंटा हातून निसटून पडतो. भिंतीवर यांपैकीं कांहीं घडत नाहीं. चुलीच्या काळांत याच भिंतीला शेणमातीचा हात फिरवीत. त्या लेपाची जाडी नखाएवढीहि नसे, पण तो वरचेवर नवा होई म्हणून काम भागे. पुढें तैलरंग आला, आणि नंतर चकचकीत पांढऱ्या सहा इंची फरशा आल्या. त्या फरशा अवघ्या ५-६ मिलिमीटर जाडीच्या असत, आणि पुष्कळ जुन्या घरांतून त्या अद्यापि शाबूत दिसतात.

कोणत्याहि तक्त्याचा ताठपणा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम खरा आहे. ४ आणि ६ मिलिमीटरच्या तक्त्यांत जाडीचें अंतर दीडपटीचें असतें. परंतु वांकण्याला होणारा विरोध सव्वातीनपटींहून अधिक वाढतो. हा नियम फडताळाच्या फळीला लागूं आहे, कारण फळी दोन टोकांना टेकलेली आणि मध्यें अधांतरीं असते. भिंतीवर सर्वांगानें चिकटलेल्या फरशीचें तसें नाहीं. तिला ताठपणा भिंत देते. तिच्या पाठीमागें माल सगळीकडे सारखा बसला असेल तर ६ मिलिमीटरची फरशीहि तव्याचा धक्का सोसते. पण गवंड्यानें मध्यें मालाचा एक गोळा थापून चार कोपरे पोकळ ठेवले असतील, तर दुप्पट जाडीची फरशीहि त्या कोपऱ्यांत तडकते. ही परीक्षा गृहिणीला स्वतः करतां येते. माल सुकल्यावर एका नाण्यानें प्रत्येक फरशीच्या चारहि कोपऱ्यांवर टिचक्या माराव्या. भरीव फरशी खणखणीत वाजते, पोकळ फरशी भदभदते. गवंड्याचा हिशेब चुकता करण्यापूर्वीं हें पांच मिनिटांचें काम उरकून घेणें श्रेयस्कर.

बाजारांतील भाषेमुळेंहि या विषयांत घोटाळा होतो. फरशीवाला मिलिमीटर सांगतो. सुतार आणि जुना गवंडी सुतांत बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारें ३ मिलिमीटर. पत्र्याचा व्यापारी गेज सांगतो, आणि गेजचा आंकडा उलटा चालतो : १८ गेजचा पत्रा सुमारें १·२ मिलिमीटर, २० गेजचा ०·९, आणि २२ गेजचा ०·७. २२ हा आंकडा १८ पेक्षां मोठा पाहून संतुष्ट होणारे गृहस्थ पातळ पत्रा घेऊन घरीं येतात. सर्व मापें मिलिमीटरमध्यें लिहून मागितलीं तर ही अडचण राहत नाहीं.

प्रथम फरशी, मुंबईंत जिला लादी म्हणतात, आणि कंत्राटदार जिच्या भिंतीवरील कामाला ‘डॅडो’ म्हणतात ती. भिंतीसाठींच केलेली झिलईची फरशी साधारणतः ७ ते ९ मिलिमीटर जाड असते. तिची पाठ सच्छिद्र असून ती पुष्कळ पाणी पिते, आणि हाच तिचा मोठा गुण आहे. पाण्यांत भिजवून लावली असतां सिमेंटचा माल तिच्या छिद्रांत शिरून घट्ट धरतो. याउलट, जमिनीसाठीं केलेली व्हिट्रिफाइड फरशी दिसण्यांत भारदस्त, वजनानें जड, आणि पाणी पिण्याच्या बाबतींत जवळजवळ कांचेसारखी असते. शेंकडा अर्धा भागहि पाणी ती शोषीत नाहीं. तिच्या पाठीला नुसतें सिमेंट धरीत नाहीं. "भिंतीलाहि जमिनीचीच लावा, ती अधिक जाड व मजबूत असते," असा आग्रह पुष्कळ घरीं धरला जातो. गवंडीहि मान डोलावतो आणि नेहमींच्या सवयीनें सिमेंटचा माल कालवतो. मग एक-दोन पावसाळे गेले कीं एखाद्या रात्रीं एक फरशी अखंडच्या अखंड ओट्यावर येऊन आदळते. दोष फरशीचा नसतो, जाडीचाहि नसतो. तिच्यासाठीं तयार मिळणारा चिकट मसाला वापरावयाचा असतो, तो चार पैसे वांचविण्यासाठीं टाळलेला असतो. व्हिट्रिफाइड फरशी भिंतीवर लावण्यास हरकत नाहीं, परंतु त्या मसाल्याचा खर्च तिच्या किंमतींतच धरला पाहिजे.

या मसाल्याचा थर ४-५ मिलिमीटरचा असतो, आणि भिंतीची परीक्षा तेथेंच होते. सहा फुटी सरळ पट्टी भिंतीला आडवी, उभी व तिरपी लावून पाहिली असतां पट्टी आणि गिलावा यांच्यामध्यें कोठें कोठें फट दिसते. ती फट ३ मिलिमीटरच्या आंत असेल तर मसाल्याचा पातळ थर ती भरून काढतो. फट बोटभर असेल, आणि जुन्या इमारतींत ती बहुधा असतेच, तर दोनच मार्ग उरतात : गिलावा नव्यानें सरळ करून घ्यावा, किंवा लहान आकाराची साधी फरशी सिमेंटच्या जाड मालांत बसवावी. वांकड्या भिंतीवर चार फुटी फरशीचा अट्टहास धरला कीं तिचे कोपरे एकमेकांच्या पुढें येतात, आणि रोज पुसतांना फडका त्यांत अडकतो. येथें भिंतच घरमालकाला सांगत असते कीं, बाबा, जाडी फरशींत शोधूं नकोस, ती गिलाव्यांत हवी.

दगडाविषयीं थोडें सांगितलें तरी पुरे. ओट्याच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा मागील भिंतीला लावण्याची चाल सर्वत्र आहे, आणि त्यांत जाडी निवडण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. ओट्याचा दगड बहुधा १६ ते २० मिलिमीटरचा, म्हणून भिंतीचाहि तितकाच. तो दगड ओट्यावर टेकलेला असल्यानें त्याचा भार ओटा घेतो. त्याला केवळ पुढें कलंडूं न देण्याची खबरदारी घ्यावयाची असते, आणि त्यासाठीं त्याची गुळगुळीत कापलेली पाठ खरवडून घ्यावी लागते. चार इंच उंचीची दगडाची पट्टी आणि तिच्यावर फरशी, ही जोडणी मात्र विचार मागते. १८ मिलिमीटरच्या पट्टीवर ८ मिलिमीटरची फरशी बसली, म्हणजे दोहोंच्या मध्यें सेंटिमीटरभर रुंदीचा कट्टा तयार होतो. त्या कट्ट्यावर तेल आणि धूळ यांचा जो चिकट थर बसतो, तो दिवाळीच्या साफसफाईलाहि दाद देत नाहीं. हा कट्टा टाळण्यासाठीं फरशीमागील माल तितका जाड घेऊन दोन्हींचे दर्शनी भाग एका पातळींत आणावे, असें गवंड्याला आधींच बजावून ठेवलें पाहिजे.

आतां कांच. अलीकडे शहरांतील नव्या स्वयंपाकघरांतून पाठीमागून रंग दिलेल्या अखंड कांचेची आवड फार वाढली आहे. तें स्वाभाविकहि आहे. फरशांच्या सांध्यांत हळदीचे डाग बसतात, आणि सांधेच नसलेल्या भिंतीवरून एक ओला फडका फिरविला कीं काम झालें. ज्या घरांत ही भिंत रोज एकाच बाईला पुसावी लागते तेथें या सोयीची किंमत पुरुषमंडळींनीं कमी लेखूं नये. परंतु जाडीचा गैरसमज सर्वांत महाग पडतो तो याच ठिकाणीं.

जाड बुडाच्या कांचेच्या पेल्यांत एकदम उकळतें दूध ओतलें तर पेला तडकतो, आणि पातळ कांचेचा पेला पुष्कळदां वांचतो, हें घरोघरीं ठाऊक आहे. कांच उष्णतेची मंद वाहक आहे. तिचा तापलेला भाग प्रसरण पावूं पाहतो, थंड भाग जागचा हलत नाहीं, आणि त्या ओढाताणींत थंड भागावर ताण पडतो. दाब कांच पुष्कळ सोसते, पण ताण तिला सोसवत नाहीं. साध्या कांचेच्या दोन भागांच्या उष्णतामानांत सुमारें ४० अंशांचें अंतर पडलें कीं ती तडकण्याच्या बेतांत येते. मोठी कढई शेगडीवर चढली, ज्योत तिच्या कडेनें बाहेर आली, आणि मागील कांचेचा मधला भाग तापला असतां कडा गारच राहिल्या, तर हें अंतर पडण्यास किती वेळ लागणार? त्यांतच कोणी गरम कांचेवर गार पाण्याचा फडका फिरविला म्हणजे झालें. अशा जागीं साधी कांच ६ मिलिमीटरऐवजीं १० मिलिमीटरची घेतली तरी धोका टळत नाहीं. फुटलीच तर तिचे सुरीसारखे तुकडे तेवढे अधिक वजनाचे होतात.

येथें उपयोगी पडते ती संस्कार केलेली कांच, जिला बाजारांत ‘टफन’ कांच म्हणतात. साधी कांच भट्टींत सहाशे अंशांहून अधिक तापवून तिच्या दोन्ही बाजूंवर गार वाऱ्याचे झोत सोडतात. बाहेरचा भाग आधीं गोठतो. आंतला भाग मागाहून निवतांना आकसतो आणि बाहेरच्या भागाला आवळून धरतो. कांचेच्या पृष्ठभागावर असा कायमचा दाब बसल्यामुळें, बाहेरून येणारा ताण प्रथम तो दाब मोडण्यांतच खर्ची पडतो. द ला बास्ति नांवाच्या एका फ्रेंच गृहस्थानें १८७४ मध्यें तापलेली कांच गरम तेलाच्या द्रोणींत बुडवून ही युक्ति प्रथम साधली होती. तेलाच्या जागीं वाऱ्याचा झोत पुढें आला. अशी कांच सुमारें २०० अंशांचें अंतर सोसते, आणि फुटलीच तर बोथट कडांच्या बारीक खड्यांत विखुरते. तेव्हां शेगडीच्या मागें कांच किती जाड असावी, या प्रश्नाच्या आधीं ती कोणती असावी हा प्रश्न येतो, आणि त्याचें उत्तर एकच आहे. दुकानदाराच्या बिलावर तो शब्द लिहून घ्यावा. कांचेच्या कोपऱ्यावर छापाची खूणहि बहुधा असते, ती पाहून घ्यावी.

ती ठरल्यावर मग जाडी. ४ मिलिमीटरची टफन कांच मिळते, पण पातळ कांच भट्टींत किंचित् लहरते आणि दिव्याच्या प्रकाशांत त्या लहरी दिसतात. शिवाय आठ फूट लांबीचा असा तक्ता चार माणसांनीं जिन्यावरून चढवितांना मधोमध लवतो तें पाहून मालकाचा जीव खालींवर होतो. ६ मिलिमीटर, म्हणजे जुन्या भाषेंत दोन सूत, ही जाडी देशोदेशीं या कामासाठीं रूढ झाली आहे आणि ती योग्यच आहे. त्याहून पुढें गेल्यास वजन वाढतें, खर्च वाढतो, आणि कांचेंतील लोहाच्या अंशामुळें दिसणारी हिरवट झांकहि जाडीबरोबर वाढते. पाठीमागें शुभ्र रंग दिला असतां १० मिलिमीटरच्या कांचेंतून तो फिकट पोपटी दिसूं लागतो. ज्यांना पांढरा रंग पांढराच हवा असेल त्यांनीं कमी लोहाची कांच मागावी.

टफन कांच एकदां भट्टींतून निघाली कीं ती कापतां येत नाहीं, तिला भोंक पाडतां येत नाहीं, कडाहि घासतां येत नाहींत. प्लगच्या जागा, नळाचें भोंक, खिडकीचा कोपरा, सर्व आधीं कापून मगच तिला भट्टींत जावें लागतें. म्हणून तिचें माप ओटा बसल्यावर घ्यावें, आराखड्यावरून कधींहि घेऊं नये. तिचें मर्म तिच्या कडेंत आहे. मधल्या भागावर लाटण्याचा टोला ती सहज झेलते, पण दगडाला टेकलेल्या कडेवर खलबत्त्याचा एक आघात झाला तर सगळा तक्ता क्षणांत खाली येतो. यासाठीं ओटा आणि कांच यांच्यामध्यें २-३ मिलिमीटरची फट ठेवून ती सिलिकोननें भरतात. ज्या सिलिकोनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तें येथें वापरूं नये. तें पाठीमागील रंगाला बाधतें. न्यूट्रल म्हणून मिळतें तें घ्यावें.

स्टेनलेस स्टीलचा पत्रा खाणावळींत आणि मोठ्या भटारखान्यांत दिसतो, आणि घरांतहि शेगडीमागील तुकड्यापुरता तो उत्तम. येथें मात्र जाडीला खरा अर्थ आहे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा तापला कीं फुगतो, निवला कीं टण्णदिशी आवाज करून बसतो, आणि त्याच्यावर कायमच्या लहरी उठतात. १ ते १·२ मिलिमीटरचा पत्रा सपाट भिंतीवर नीट चिकटविला असेल तर असें होत नाहीं. पत्रा ताठ राहावा म्हणून त्याच्या मागें प्लायवुड लावण्याची सुतारांची रीत आहे. शेगडीच्या मागें ती मुळींच चालूं देऊं नये. पत्रा स्वतः जळत नाहीं, पण उष्णता मागील लाकडाला बिनबोभाट पोंचवितो. सिमेंटचा बोर्ड त्याच कामाला मिळतो आणि तो पेटत नाहीं.

या अनुषंगानें आणखी एका वस्तूचा उल्लेख अवश्य आहे. अॅल्युमिनियमचे म्हणून विकले जाणारे ३ किंवा ४ मिलिमीटरचे रंगीत तक्ते स्वस्त असतात, हलके असतात, आणि एका दुपारींत बसतात. त्यांत अॅल्युमिनियम म्हणजे दोन बाजूंचीं अर्ध्या मिलिमीटरचीं किंवा त्याहूनहि पातळ अशीं पापुद्र्यासारखीं दोन पानें. मधला सगळा गर पुष्कळदां प्लॅस्टिकचा असतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीस १४ जून २०१७ रोजीं आग लागून ७२ माणसें मृत्युमुखीं पडलीं. आग एका स्वयंपाकघरांतील शीतकपाटापाशीं लागली होती. ती इमारतीच्या बाह्यांगावरून इतक्या वेगानें चढली याचें मुख्य कारण चौकशींत ठरलें तें अशाच, प्लॅस्टिकचा गर असलेल्या तक्त्यांचें आच्छादन. घराच्या आंतील दोन फुटी पट्टी आणि चोवीस मजली इमारतीचें आच्छादन यांची बरोबरी कोणी करणार नाहीं. पण ज्योतीपासून वीतभर अंतरावर असा तक्ता लावावयाचा तर गर कशाचा आहे हें विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे. अॅक्रिलिकच्या चकचकीत तक्त्यांचीहि गोष्ट तशीच. शंभर अंशांच्या आसपास ते मऊ पडूं लागतात, मग ते ३ मिलिमीटरचे असोत कीं १०. सिंकच्या मागें ते खुशाल लावावे.

परदेशी माहितीच्या आधारें जे लोक आपलें स्वयंपाकघर आंखतात त्यांची येथें एक फसगत होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील गॅसविषयक मानकांत असा दंडक आहे कीं, ज्योतीच्या कडेपासून २०० मिलिमीटरच्या आंत पेट घेणारी उभी भिंत असेल तर तिला ज्योतीच्या वर निदान १५० मिलिमीटरपर्यंत संरक्षण दिलें पाहिजे. तेथील घरांच्या भिंती बहुशः लांकडी सांगाड्याच्या असतात. म्हणून आवरणानें भिंतीला वांचवावें अशी योजना आहे. आपल्याकडील विटेची भिंत कांहीं पेटत नाहीं. येथें सांभाळावयाचें असतें तें आवरणालाच. पण तयार फर्निचरवाले विटेच्या भिंतीवर प्लायवुडचा तक्ता ठोकून त्यावर कांच चिकटवूं लागले आहेत, आणि तसें झालें कीं घरमालकानें आपल्या सुरक्षित भिंतीची स्वतःच्या खर्चानें लांकडी भिंत करून घेतली असें होतें. मग तो परका दंडक त्याच्या घरालाहि लागूं पडतो. तें कसेंहि असो, शेगडी भिंतीपासून हातभर पुढें ओढली तर आवरणाच्या जाडीहून अधिक उपयोग होतो, आणि त्याला खर्च कांहींच नाहीं.

आतांपर्यंत झाला तो विचार एका तक्त्याच्या जाडीचा. परंतु घर बांधतांना जी जाडी मोजावयाची ती विटेपासून दर्शनी पृष्ठापर्यंतची सगळी, आणि हा आंकडा क्वचितच कोणी मांडून पाहतो. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच अशी भिंत घेतली, तर तिचें क्षेत्रफळ सोळा चौरस फूट, म्हणजे सुमारें दीड चौरस मीटर भरतें. त्यावर ६ मिलिमीटरची कांच लावली तर तिचें वजन सुमारें २२ किलो. सिलिकोनसह जाडी ८-९ मिलिमीटर. २० मिलिमीटरचें ग्रॅनाइट लावलें तर ८० किलो. ८ मिलिमीटरच्या साध्या फरशीचें वजन २३ किलोंच्या आसपास. पण तिच्या मागें १५ मिलिमीटरचा सिमेंटचा माल असेल तर एकट्या त्या मालाचेंच वजन ४५ किलोंहून अधिक, आणि एकूण जाडी २३ मिलिमीटर. म्हणजे स्वस्त आणि पातळ म्हणून निवडलेली फरशी वजनानें ग्रॅनाइटच्या जवळपास जाते, जागाहि त्याहून अधिक खाते, आणि दोन फूट रुंदीच्या ओट्यांतून जवळजवळ एक इंच कापून घेते. जुन्या फरशीवरच नवी फरशी चिकटविण्याचा बेत असेल, तर हें कापणें आणखी सव्वा सेंटिमीटरनें वाढतें. आणि तोहि बेत जुनी फरशी नाण्याच्या परीक्षेंत उतरली तरच.

या एकूण जाडीचा सर्वांत जवळचा संबंध वायरमन आणि प्लंबर यांच्याशीं आहे, आणि तेच दोघे आवरण ठरण्याच्या आधीं आपलें काम उरकून निघून गेलेले असतात. प्लगची लोखंडी पेटी विटेंत गाडली जाते ती गिलाव्याच्या बरोबरीनें. तिच्यावर २३ मिलिमीटरची भर पडली कीं पेटी खोल विहिरींत गेल्यासारखी होते, स्क्रू पुरत नाहींत, आणि पेटीच्या तोंडापासून प्लगच्या पट्टीपर्यंत तारा उघड्या फटींतून जातात. त्या फटींत ओल्या फडक्याचें पाणी आणि तेलाची वाफ शिरते. भिंतींत दडविलेल्या नळाच्या चावीचेंहि तेंच. तिच्या अंगावर कमींत कमी व जास्तींत जास्त खोलीच्या खुणा असतात. आवरण त्या खुणेच्या पुढें गेलें तर चावीची मूठ बसत नाहीं, आणि शेवटीं नवी फरशी फोडावी लागते. यावर उपाय अगदीं साधा आहे. निवडलेल्या फरशीचा, दगडाचा किंवा कांचेचा एक तुकडा दुकानांतून आणून, मागील मालाच्या जाडीसह भिंतीवर धरावा, आणि तेथपर्यंत पेट्या व चाव्या पुढें घेण्यास त्या दोघांना सांगावें. भिंत झांकण्यापूर्वीं तारा आणि नळ कोठून गेले आहेत याचें एक छायाचित्र घेऊन ठेवावें. पुढें सांडशीचा खिळा ठोकतांना तें फार कामास येतें.

आवरणाची जाडी डोळ्यांना दिसते ती फक्त त्याच्या कडेला : खिडकीच्या चौकटीपाशीं, किंवा ओटा जेथें संपतो तेथें. दगडाची कड घासून चमकवितां येते, कांचेचीहि. झिलईच्या फरशीची कड मात्र आंतील लाल किंवा पांढरी माती उघडी पाडते, म्हणून तेथें पट्टी लावावी लागते, किंवा दोन फरशा तिरप्या कापून जुळवाव्या लागतात. तिरपी कापलेली कड पातळ आणि नाजूक असते. ओट्याच्या उघड्या टोकाला, जेथें येतां-जातां भांडें लागतें, तेथें ती करूं नये.

फरशीच निवडली असेल तर एक खोका अधिक घेऊन माळ्यावर ठेवणें इष्ट. एकाच नांवाच्या फरशीची छटा निरनिराळ्या भट्ट्यांत बदलते, हें पुष्कळांना माहीत असतें. जाडी आणि आकारहि मिलिमीटर-अर्ध्या मिलिमीटरनें बदलतात, हें सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पांच वर्षांनीं एखादी फरशी फुटली आणि दुकानांतून दुसरी आणली, तर तिची कड शेजारणीच्या पुढें येते आणि रोज फडक्याला लागते. माळ्यावरच्या खोक्यावर फरशीचें नांव, भट्टीचा क्रमांक आणि जाडी खडूनें लिहून ठेवावी; खोक्याचा छापील कागद दोन पावसाळ्यांत वाचण्यासारखा राहत नाहीं.